भर पावसात कोकणातलं घर, कुत्रा, मांजरं सांभाळायला एकटीने राहायचं असेल तर

तुझा प्रश्न दोनदा नीट वाचला. वयाने माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून तू म्हणते, चालेल ना? बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: ही पुण्याची, वय २७, घरून काम करते. आईची मावसबहीण आणि तिचे यजमान दापोली तालुक्यातल्या एका गावात राहतात, ते ऑगस्टमध्ये २२ दिवस मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला चाललेत आणि हिला विचारलंय की येऊन राहशील का. घरात आठ वर्षांचा कुत्रा, त्याला फिट येतात म्हणून गोळी चालू आहे, दोन मांजरं, नऊ-दहा कोंबड्या. कौलारू घर, मागे विहीर आणि थोडं आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. हिचं म्हणणं असं की कुत्र्यामांजरांची सवय आहे पण गावात एकटी कधी राहिले नाहीये, ऑफिस सांभाळून जमेल का, आणि जायच्या आधी काय काय विचारून घेऊ?

मी हे गेली अकरा वर्षं करतेय. बँकेतून लवकर निवृत्ती घेतली तेव्हा एका मैत्रिणीचं गुहागरचं घर महिनाभर सांभाळलं, तिथून एकाने दुसऱ्याला सांगत सांगत होत गेलं, आता वर्षातले चार-पाच महिने मी कुणाच्या ना कुणाच्या घरी असते, बहुतेक दापोली, गुहागर, राजापूर या भागात. त्यामुळे जे सांगतेय ते तिथलं आहे. घाटावरच्या गावात किंवा उन्हाळ्यात यातलं अर्धं बदलेल.

आता मुद्द्याचं. कुत्र्याला भात घालणं, कोंबड्या कोंडणं, तुळशीला पाणी घालणं हे कुणालाही जमतं, तुलाही जमेल. खरी गोष्ट ही आहे की काही बिघडलं तर ठरवणार कोण. रात्री साडेअकराला कुत्र्याला फिट आली, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, फोनला रेंज नाही, आता तालुक्याला न्यायचा की उजाडेपर्यंत थांबायचं हे मावशीला विचारता येणार नाही, तुलाच ठरवावं लागेल. आणि तेव्हा ठरवता यावं म्हणून जे माहीत असायला लागतं ते सगळं आधी विचारून, बघून, हाताने करून ठेवायचं असतं. म्हणून मी घरमालकांना काय काय करायचंय ते लिहून द्या असं म्हणतच नाही. मी म्हणते की मी तीन दिवस आधी येते, तुम्ही नेहमीसारखं वागा, मी मागे मागे फिरते.

हे का म्हणते ते सांगते. राजापूरकडच्या एका घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या काकूंनी फोनवर सगळं सांगितलं होतं, मी दोन पानं भरून लिहून घेतलं होतं. ते सकाळच्या गाडीने गेले. संध्याकाळी सातला दिवे लावले, जेवण झालं, आणि कुत्रा घरात येईना. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, काळोखात कुठेतरी होता, मी नावाने हाका मारतेय, पाऊस, टॉर्च, नऊ वाजले, दहा वाजले. शेवटी वरच्या घरातल्या आजी डोक्यावर इरलं घेऊन पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून आल्या आणि म्हणाल्या, "ताटली वाजव गो, हाकेला नाय यायचा तो." मी पितळीवर पळी आपटली, दोन मिनिटांत भिजलेला कुत्रा पडवीत हजर. काकू रोज रात्री उरलेला भात पळीने पितळीत काढताना पळी काठावर आपटायच्या, आणि आपण तशी आपटतो हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं, मग सांगणार कशा. अशा गोष्टी फक्त सोबत राहून दिसतात. तीन दिवस जमत नसतील तर निदान दोन रात्री तरी त्यांच्याबरोबर राहा, आणि दुसऱ्या रात्रीचं कुत्र्याचं जेवण, कोंबड्या कोंडणं, दारं लावणं हे सगळं तू कर, मावशीला नुसती खुर्चीत बसून बघायला सांग. ती मध्येच "अगं असं नाही" म्हणून उठेल ना, तेच तुला हवंय.

कुत्रा रात्री आत आलाच पाहिजे हे मी एवढं धरून बसते कारण बिबट्या. त्या पट्ट्यात बिबट्या आहे, गावाच्या कडेला येतो, आणि अंगणात मोकळा किंवा बांधलेला कुत्रा हे त्याचं सगळ्यात सोपं भक्ष्य. काही घरांत कुत्रा रात्री राखणीला बाहेरच ठेवायची पद्धत असते, काकांचंही तसं असेल तर स्पष्ट विचार की मी असेन तेवढे दिवस याला पडवीत जाळीच्या आत किंवा घरात घेतला तर चालेल का. मी त्याशिवाय हो म्हणत नाही. त्याला बाहेर काय होतं ते बघायला तू दार उघडून जाऊ शकणार नाहीस आणि जाऊही नयेस.

मालक गेल्यावर पहिले दोन दिवस कुत्रा बहुतेक खात नाही. गाडी गेली त्या बेड्याजवळ, म्हणजे आवाराच्या फाटकाजवळ, तोंड करून बसतो, पाऊस आला तरी उठत नाही. माणूस घाबरतो आणि मग बिस्किटं, पाव, अंडं, काय काय पुढे करत राहतो, तिथे चुकतं. नेहमीच्या वेळेला नेहमीच्या ताटलीत नेहमीचं अन्न ठेव, अर्ध्या तासाने उचल. त्याच्याशेजारी जाऊन काही न बोलता बस, लॅपटॉप घेऊन बसलीस तरी चालेल. मावशीचा न धुतलेला पंचा किंवा जुनी साडी त्याच्या गोणपाटावर ठेवून जायला सांग, वास राहतो, त्याने खरंच फरक पडतो. पाणी पीत असेल आणि शेपटी हलवत असेल तर दोन दिवस उपाशी राहिलेला मोठा कुत्रा ही काळजीची गोष्ट नाही. पण तुझ्याकडे गोळीचा प्रश्न आहे, गोळी पोटात गेलीच पाहिजे, म्हणून गोळी तो कशातून खातो ते बघून ठेव आणि त्यातली एक दुसरी युक्तीही हाताशी ठेव. गुळाच्या खड्यातून खाणारे पाहिलेत मी, सुकटीच्या गोळ्यातून खाणारेही.

सुकटीवरून आठवलं. कोकणातला कुत्रा मासळीवर वाढलेला असतो, भातात सुकट किंवा माशाची डोकी नसली तर तोंड फिरवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टमध्ये हळूहळू ताजी मासळी यायला लागते, पण तेव्हा श्रावण. मावशीच्या घरी श्रावण पाळत असतील तर कुत्र्याची मासळी कुठे शिजते, कुठल्या भांड्यात, ते भांडं कुठे घासतात हे विचारून घे. बऱ्याच घरी त्याची चूल मागच्या पडवीत वेगळी असते आणि ते भांडं स्वयंपाकघरात येत नाही. परत आल्यावर आपल्या ओट्यावर सुकटीचं पातेलं दिसलं तर ती तुला बोलणार नाही, पण तिला लागेल ते.

आता गोळी. आठ वर्षांच्या कुत्र्याला फिटसाठी चालू असलेली गोळी बहुधा फेनोबार्बिटोन असेल, नाव बघून घे. ती साधारण बारा तासांच्या अंतराने द्यायची असते आणि अचानक बंद झाली तर त्या बंद होण्यानेच जोराची फिट येऊ शकते. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलवाल्याकडे असेलच असं नाही, पावसात घाटात दरड आली की माल चार दिवस येत नाही. त्यामुळे २२ दिवसांच्या गोळ्या पुरे नाहीत, निदान ३५ दिवसांच्या घरात पाहिजेत, आणि चिठ्ठीचा फोटो तुझ्या फोनमध्ये. या गोळीने कुत्र्याला भूक आणि तहान जास्त लागते, मूतही जास्त, तो आशेने बघतो म्हणून जास्त घालू नकोस आणि संध्याकाळी अंधाराआधी, आत घेताना एकदा बाहेर फिरवून आण.

मावशीला विचार, शेवटची फिट कधी आली, किती वेळ टिकली, त्यानंतर तो कसा वागतो. याचं उत्तर "वर्षभर नाही आली" असेल तर निर्धास्त जा. "मागच्या महिन्यात दोनदा आली" असेल तर मी तुला स्पष्ट सांगते, पहिल्यांदा एकटी जाऊ नकोस, कुणीतरी सोबत ने नाहीतर त्यांनाच डॉक्टरला दाखवून औषध नीट बसवून घ्यायला सांग. फिट आलीच तर त्याच्या तोंडात हात किंवा चमचा घालायचा नाही, जीभ गिळतो वगैरे काही नसतं. आजूबाजूचं सामान बाजूला कर, पायरीच्या कडेला असेल तर हळूच मागे ओढ, दिवा मंद कर, आणि पहिलं काम म्हणजे घड्याळ बघ, कारण अशा वेळी एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. दोन-तीन मिनिटांत थांबली तर तो उठेल, गोंधळलेला असेल, भिंतीला धडकेल, कदाचित तुला ओळखणार नाही, त्याला शांत पडू दे आणि सकाळी डॉक्टरला फोन कर. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा एकीला लागून दुसरी आली तर मात्र वाट बघायची नाही, गाडी बोलवायची. ती गाडी कुणाची, रात्री तो माणूस उठतो का, कुत्रा गाडीत घेतो का, हे तिथे असताना त्याच्याशी बोलून ठरव. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाईगुरांचा असतो, १९६२ हा त्यांचा टोल फ्री नंबर, तो फोनमध्ये ठेव, पण कुत्र्याचं औषधपाणी बघणारा डॉक्टर कुठे बसतो, दापोलीला की खेड-चिपळूणला, हे वेगळं विचार.

पावसाळ्यातल्या दोन गोष्टी शहरातल्या कुत्रेवाल्यांना माहीत नसतात. एक भेक, म्हणजे अंगावर पुळ्या असलेला मोठा बेडूक. कुत्र्याने तो तोंडात धरला की तोंडाला फेस येतो, मान झटकतो, आणि फिट येणारा कुत्रा असेल तर बघणाऱ्याला वाटतं फिटच आली. पण तो उभा असतो, शुद्धीत असतो. तोंड खाली करून, कडेने पाणी सोडत हिरड्या धुवायच्या, पाणी घशात जाऊ द्यायचं नाही. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं, थरथरायला किंवा झोकांड्या जायला लागला तर डॉक्टर. दुसरं गोचीड. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या मधे, शेपटीखाली बघायचं. गोचीडतापाने कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा ओठ वर करून हिरडीचा रंग बघून ठेव, म्हणजे बदल कळेल. आणि आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुणालाही द्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणी असते, अर्धीसुद्धा.

मांजरांचं फार नाही. नवीन माणूस आला की ती दोन दिवस माळ्यावर किंवा पेंढ्यात गायब होतात, खाणं ठेवत राहा, रात्री येऊन खातात. कोंबड्या तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात जातात, तू फक्त मोजायच्या आणि दार घट्ट लावायचं, अंधार पडल्यावर नाही, त्याच्या जरा आधी, कारण उदमांजर त्याच वेळेला फिरतं. एखादी कोंबडी पंख फुगवून मान टाकून बसली तर लगेच वेगळी कर, मानमोडी असेल तर सगळ्या जातील. एक-दोन कोंबड्या जाऊ शकतात हे मावशीशी आधीच बोल. तिला ते माहीत असतं, तुला नसतं, म्हणून सांगते, आणि मेलेली कोंबडी गडग्यापलीकडे फेकायची नाही, खोल पुरायची.

आता घर. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, दापोलीकडे तीन हजारांच्या वर, आणि त्यातला मोठा भाग जून ते ऑगस्टमधे. नुसतं भिजण्याचं नाही, सगळ्या घरात ओल असते, कपडे वाळत नाहीत, काडेपेटी ओढली जात नाही, पिठात जाळी धरते, चामड्याच्या पट्ट्यावर चार दिवसांत बुरशी. लायटर दोन ने. कौलांतून कुठे ना कुठे गळतंच, गळतीच्या जुन्या जागा कुठल्या आणि तिथे कुठलं भांडं ठेवतात हे विचार, नवीन जागी गळायला लागलं तर कौल सरकलंय, माकडांनी किंवा उदमांजराने, ते बसवायला कोण येतं त्याचा नंबर पाहिजे. स्वतः कौलांवर चढायचं नाही, शेवाळलेली असतात.

विहीर ऑगस्टमध्ये काठोकाठ असते, पाणी जरा गढूळ, टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकतात का आणि कोण टाकतं ते विचार, काहीही असलं तरी प्यायचं पाणी उकळ. पंपाचं एक नीट शिकून घे. बटण दाबल्यावर मोटर नुसती घुमली आणि पाणी आलं नाही तर लगेच बंद. व्होल्टेज कमी असेल किंवा पंपातलं पाणी उतरलं असेल, तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं, मग आठ दिवस पंप नाही. पंपात पाणी कसं भरायचं ते काकांसमोर स्वतःच्या हाताने एकदा कर. टाकी सकाळीच भरून घ्यायची सवय ठेव, संध्याकाळी बघू म्हटलं की लाईट गेलेली असते. विजांचं म्हणशील तर श्रावणात त्या मानाने कमी, विजा जास्त जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, तरी गडगडायला लागलं की राऊटर आणि टीव्हीचे प्लग काढून ठेव.

आणि घरातलं प्रत्येक काम लाईटशिवाय कसं करायचं हे विचार. मी मार्च २०२० मध्ये केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यातल्या एका घरी पंधरा दिवसांसाठी गेले होते, लॉकडाऊन लागला, मालक मुंबईत अडकले आणि मी जुलैपर्यंत तिथेच राहिले. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. सकाळपासून वारा होता, दुपारी तर माडाची झाडं चक्राकार फिरताना दिसत होती, कौलं पत्त्यांसारखी उडाली. मी, कुत्री आणि तिची दोन पिल्लं माजघरात देव्हाऱ्याखाली बसून होतो, कारण त्या घरात तेवढ्याच भागाला वर लाकडी माळा होता. वादळ गेल्यावर आगरात सुपारीची झाडं आडवी, बेडं कुठे गेलं ते सापडलंच नाही, आणि लाईट नाही ती कित्येक दिवस नाही. पंप बंद. रहाट होता पण दोर कुजलेला. शेजाऱ्यांनी त्यांच्या होडीचा दोर कापून दिला म्हणून पाणी निघालं. तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेले की पहिल्या दिवशी रहाटाचा दोर ओढून बघते. तुझ्या २२ दिवसांत असलं काही होणार नाही, पण दोन-तीन दिवस लाईट नसणं पावसाळ्यात होऊ शकतं. दोर, रॉकेल नाहीतर मेणबत्त्या, गॅसचा भरलेला दुसरा सिलेंडर, पॉवर बँक, एवढं असेल तर ते दिवस बरे जातात.

सापांचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. गावात कुणी "पाखाडीवर जनावर आहे" म्हणालं तर ते गायबैल नव्हे, साप, संध्याकाळनंतर सापाला साप म्हणत नाहीत. विषारी म्हणून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य. कोकणच्या जांभ्या दगडात फुरसं भरपूर, वीतभर असतं, दगडाखाली, लाकडांच्या ढिगात, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. मण्यार रात्री फिरते, घरात येते, चावलेलं फारसं दुखतही नाही म्हणून लोक झोपून राहतात आणि तिथेच घात होतो. त्यामुळे जमिनीवर झोपायचं नाही, पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, पडवीतसुद्धा. गमबूट घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, विंचू असतो. कुत्रा एकाच जागी बघून थांबून थांबून भुंकत असेल तर पुढे जाऊन बघू नकोस, लांबून हाक मारून त्याला आत घे आणि सर्पमित्राला फोन कर. माणसाला काही चावलं तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही, हालचाल कमी करून सरळ दवाखाना, दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन करता करता शेजारच्याची गाडीही काढायला सांगायची, जी आधी येईल ती. विंचवाला लोक साधं समजतात, पण लाल विंचू हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडतं ते दाखवून दिलं, म्हणून आज कोकणात त्याने माणसं वाचतात, पण त्यासाठी वेळेत पोचायला हवं. आणि कुत्रा किंवा मांजर चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून रेबीजची लस घ्यायचीच, घरचा आहे म्हणून सोडायचं नाही. मी स्वतः तिचे आधीचे तीन डोस घेऊन ठेवलेत. पायाला कापलं असेल तर चिखलातून, साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नकोस, लेप्टो, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुतातून पसरणारा ताप, त्यातूनच होतो, आणि ताप आला तर अंगावर काढू नकोस.

एकटेपणाची भीती पहिल्या तीन रात्री वाटेल. बेडकांचा आवाज इतका असतो की मीटिंगमधले लोक विचारतात मागे काय मशीन चालू आहे. मधेच धप्प आवाज येतो, ती माडाची झावळ. कौलांवर कुणी चालल्यासारखं वाटतं, ते उदमांजर नाहीतर उंदीर. आवाज कशाचे ते आधीच्या दोन रात्रींत काकांना विचारून घे, ओळखीचा झाला की आवाज त्रास देत नाही.

माणसांचं मात्र मनापासून कर. पहिल्या दिवशी प्रत्येक जण विचारणार, कोणाकडे आलीस गो, कोणाची तू, लग्न झालंय का. पुण्यात हे आगाऊपणाचं वाटतं, तिथे ती राखण असते, तुला सगळ्यांनी ओळखलं की अनोळखी माणूस पाखाडीवर आला तर चार घरांतून त्याला विचारणा होते. मावशीबरोबर शेजारच्या दोन-तीन घरी चहाला जाऊन ये, पोलीस पाटलांनाही काकांकडून सांगून ठेव. कोण कोण घरात यायला मोकळं आहे ते विचार, आगरात येणारा गडी, नारळ काढणारा पाडेली, दूधवाला. त्यांच्याशिवाय कुणीही "काकांनी सांगितलंय" म्हणून आलं तर आधी फोन. सगळ्यात जवळचं घर हाकेच्या अंतरावर आहे की नाही हे मात्र नक्की बघ. हाक पोचत नसेल तर पहिल्या खेपेला एकटीने राहू नये असं माझं मत आहे, तू कितीही धीट असलीस तरी.

देवाचंही आधीच बोलून घे. पूजा तुला करायचीय की शेजारून कुणी येणार, सांजवात कुठे, नैवेद्य लागतो का, पाळीच्या दिवसांत देव्हाऱ्याला हात लावलेला त्यांना चालतो का. तुझी मतं काही असोत, घर त्यांचं आहे, त्यांच्या मनासारखं व्हावं. आचऱ्याची गावपळण ऐकली असशील, काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो, तेव्हा गुरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा बरोबर घेऊन जातात, मागे काही ठेवत नाहीत. मावशीला यातलं काहीच बरोबर नेता येत नाहीये, ते सगळं ती तुझ्या हातात देऊन चाललीये, हे तिच्या बाजूने एकदा बघ.

ऑफिसचं. जमतं, पण सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात हे तास तुझे नाहीत, त्यात मीटिंग घेऊ नकोस. नेट घरात येतं का एवढं विचारून भागत नाही, पावसात येतं का ते बघ, झाड पडलं की केबल तुटते. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ने आणि रेंज घरात कुठल्या कोपऱ्यात येते ते पहिल्या दिवशी शोध. इन्व्हर्टर असेल तर किती तास चालतो ते विचार. साहेबांना आधीच सांग की एखादा दिवस मी अचानक गायब असेन. हे त्यांना चालत नसेल तर या कामाला हो म्हणू नकोस.

पैशांचं तू लाजत लाजत विचारलंयस. नात्यात मी घेत नाही, ओळखीबाहेर दिवसाप्रमाणे घेते. पण खर्चाचे पैसे नात्यातही आधीच पाकिटात मागून घ्यायचे, डॉक्टर, गाडी, सिलेंडर यासाठी. आणि एक गोष्ट मावशी-काका दोघांसमोर विचार: "तुमचा फोन लागला नाही तर मी किती खर्चापर्यंत स्वतः ठरवू? आणि डॉक्टर म्हणाले की याला त्रास होतोय, झोपवून टाकू, तर?" कठीण आहे विचारायला. मला एकदा न विचारता गेल्याची शिक्षा मिळालीये, एका घरी म्हाताऱ्या कुत्रीच्या शेवटच्या रात्री मी मालकांना सतत फोन लावत होते, त्यांचं विमान हवेत होतं, आणि ती सकाळपर्यंत तडफडत राहिली कारण ठरवायचा हक्क माझ्याकडे नव्हता. ते घर मला अजून आठवतं. तेव्हा विचारच, आणि उत्तर काकांच्या अक्षरात वहीत लिहून घे.

ती वही ओटीवर ठेव, रोज दोन ओळी, किती वाजता काय दिलं, कोंबड्या किती, पाऊस कसा. मावशीला रोज रात्री एक फोटो पाठव, कुत्र्याचा पाठव, बाळंतिणीच्या घरी तिला तेवढाच आधार. ते परत यायच्या दिवशी शक्यतो उजेडी पोचा म्हणावं, तू त्याच दिवशी निघायची घाई करू नकोस, एक रात्र थांब. थांबता आलंच नाही तर निघायच्या आधी वहीत मोठ्या अक्षरात लिही की सकाळची गोळी दिली आहे, नाहीतर मावशी आल्या आल्या पायाशी घोटाळणाऱ्या त्याला बघून आधी गोळीच काढेल.